तुळईची गिटार : सांगलीतल्या पडवीतल्या नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

२०१९ च्या पुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. नंतरच्या डागडुजीत माडीखालची एक सागवानी तुळई बदलावी लागली. जुनी तुळई तेव्हापासून पडवीत भिंतीला टेकून उभी आहे. अण्णांच्या मनात तिचे पाट करून घ्यायचं होतं, पण साडेचार वर्षांत एकही पाट झाला नाही. आज मी त्यातलं थोडं लाकूड मागितलं. "गिटारीला? पाटावर निदान बसता तरी येतं," एवढं म्हणून त्यांनी दिलं.

आकार टेलिकास्टरच्या (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) घराण्यातला घ्यायचा ठरवला. सरळ फळी, वर फुगवटा नाही, मान (तारांखालचा लांब दांडा) चार स्क्रूंनी आवळलेली. मान बिघडली तर फक्त मान टाकायची, बॉडी वाचते. त्यातही फेंडरची १९५० ची एस्क्वायर डोळ्यासमोर आहे: एकच पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारं चुंबक आणि तारेचं वेटोळं), एक व्हॉल्यूम, एक टोन. पहिल्याच खेपेला दोन पिकअप गुंडाळायचा धीर माझ्यात नाही.

आराखडा झेरॉक्सच्या दुकानात मोठ्या कागदावर छापून आणला. कोपऱ्यात १०० मिमीची एक रेघ मुद्दाम काढून ठेवली होती. घरी येऊन पट्टी लावली तर ती ९७ भरली. दुकानातल्या पोराने कागदात नीट बसावं म्हणून सगळं थोडं लहान केलं होतं. रेघ नसती तर तारेची ६४८ मिमी लांबी ६२८ झाली असती आणि मला ते मे महिन्यात कळलं असतं. पुन्हा छापून आणला.

१४ जानेवारी

तुळई रिक्षात घालून वखारीत नेली. मशीनवाल्याने लाकूड हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि खाली ठेवलं. "ह्यात चुका हायत. काढून आणा, मग लावतो." जुन्या घरच्या लाकडात पन्नास वर्षांचे खिळे, चुका आणि मोडकी टोकं असतात आणि रंध्याच्या मशीनचं पातं एका चुकेत जातं. तिथेच बसून पक्कड आणि पटाशीने अकरा काढल्या. बारावी आत मोडलेली होती. ती स्पीकरमधून काढलेल्या चुंबकाने सापडली. चुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून फिरवायचा, लोखंड असेल तिथे तो ओढला जातो. लाकडातल्या चुका अशा सापडतात. माझ्या सापडायला पुढचे पाच महिने गेले.

कटिंग आणि रंधा ३५० रुपये. आतलं लाकूड निघालं तेव्हा मशीनवालाही थांबून बघत राहिला. गडद मधासारखा रंग आणि सरळ रेषे.

२८ जानेवारी

दोन फळ्या शेजारी-शेजारी चिकटवून बॉडीची रुंदी करायची होती. रंधा मारलेल्या कडा उजेडात धरून तपासल्या, गोंद लावला, चार क्लॅम्प आवळून रात्रभर ठेवलं. सकाळी काढलं, हाताने जरा वाकवलं आणि सांधा बिस्किटासारखा उघडला.

कारण सागवानाचं तेल. रंधा मारल्यावर काही तासांतच ते पृष्ठभागावर येतं आणि गोंद लाकडाला न धरता तेलाच्या थरावर बसतो. मी शनिवारी रंधा मारला आणि रविवारी गोंद लावला. दुसऱ्या वेळी दोन्ही कडांवर परत एकेक हात रंधा फिरवला, अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसलं (फडकं पिवळं झालं) आणि दहा मिनिटांत चिकटवलं. गोंद तोच. वाया गेलेल्या तुकड्यावरही तसाच सांधा केला आणि हातोड्याने मोडून पाहिला. लाकूड फाटलं, सांधा तसाच राहिला. ही तुकड्यावरची चाचणी मी आधी करायला हवी होती.

११ फेब्रुवारी

मित्राचा राउटर (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र) आणला. आकार करवतीने २ मिमी बाहेरून कापून घेतला आणि प्लायच्या साच्याला धरून कडा साफ करायला घेतल्या.

आजची पहिली चूक: घाई. एका फेरीत १५ मिमी खोल. सागवानात वाळूसारखी सिलिका असते, ती पातं खाते. साधी बिट (राउटरचं पातं) तिसऱ्या फेरीत निळी पडली, लाकडावर जळकी काळी पट्टी उठली आणि खोलीभर वास. ४२० रुपये गेले. कार्बाइडची ८५० ला आणली. एका फेरीत फार तर ४-५ मिमी घ्यायचं हे बिट जळल्यावर शिकलो.

दुसरी चूक: खालच्या शिंगाच्या टोकाला, जिथे रेषे कडेला आडवे येतात, तिथे राउटर थांबवून दिशा बदलायला हवी होती. मी तसाच ओढत नेला. 'फट्' आवाज झाला आणि अंगठ्याएवढी ढलपी उडून कुठे गेली ते सापडलंच नाही. जास्तीच्या लाकडातून रेषे जुळवून ठिगळ बसवलं. मला ते लांबूनही दिसतं, बाकी कुणाला दाखवल्याशिवाय दिसत नाही.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवलं. २ किलो ९०० ग्रॅम, नुसती बॉडी. या आकाराची अल्डरची (गिटारीला नेहमी वापरतात ते लाकूड) बॉडी दोन किलोच्या आसपास असते. खांदा दुखेल, म्हणून जाडी ४४ वरून ४० मिमी करून घेतली. हा निर्णय एप्रिलमध्ये मला चावला.

२५ फेब्रुवारी

मान. मेपल, म्हणजे मानेचं नेहमीचं लाकूड, इथे मिळत नाही आणि मागवायचं म्हटलं तर परवडत नाही. म्हणून सागवान, मध्ये शिसवीची पातळ पट्टी, परत सागवान, अशी तीन पदरी. पदर चिकटवताना बाहेरच्या दोन्ही पट्ट्यांचे रेषे एकमेकांविरुद्ध ठेवले, म्हणजे एक उजवीकडे वळू लागली तर दुसरी तिला डावीकडे खेचेल. शिसवीची पट्टी आणि फ्रेटबोर्डची (मानेवर बोटं दाबायची जागा) फळी मिळून ६०० रुपये.

ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारी आतली सळई (९५०), दोन्हीकडे फिरणारा घेतला. सुरुवातीच्या काही एस्क्वायर ट्रस रॉडशिवाय निघाल्या होत्या आणि माना वाकू लागल्यावर तो घालणं भाग पडलं. मेपलचं हे, तर माझ्या तुळईचं काय. खाच ६ मिमी रुंद, साडेनऊ खोल. आज काहीही बिघडलं नाही. तेवढ्यासाठी नोंद.

१० मार्च

आजचा दिवस पूर्ण वाया.

फ्रेटबोर्डवर फ्रेट (सतारीच्या पडद्यांसारख्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवायला खाचा पाडायच्या होत्या. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६४७.७ मिमी. पहिला फ्रेट नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ३६.३५ वर, पुढचं प्रत्येक अंतर उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागून. तक्ता करून भिंतीवर लावला. मग मी पहिला फ्रेट मोजला, पहिल्यापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, असं करत बाविसाव्यापर्यंत गेलो. पेन्सिलीच्या रेघेची जाडी दर वेळी मोजमापात शिरत होती. सगळ्या खाचा पाडून झाल्यावर नट ते बारावा मोजला तर ३२६. हवा होता ३२३.८५. बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर असावा लागतो. दोन मिलीमीटर हुकला म्हणजे सप्तकच खोटं.

हे कळण्याआधी आणखी एक गंमत झाली होती. फ्रेटची तार हातोडीने ठोकली, बोर्ड उलटा केला आणि सगळे फ्रेट जमिनीवर. फ्रेटच्या खालच्या पात्याची जाडी जेमतेम अर्धा मिमी, माझ्या करवतीची खाच ०.९. गोंद आणि शिसवीचा भुसा भरून खाचा बुजवून परत पाडाव्यात असं तासभर डोक्यात होतं. मग ३२६ दिसला आणि प्रश्नच मिटला. ही फळी आता स्वयंपाकघरात कढई ठेवायला आहे. बायको म्हणाली, खाचांमुळे हवा खेळती राहते.

१७ मार्च

नवी फळी ४५०. अर्धा मिमी खाच पाडणारी बारीक करवत १,१५०. नको वाटत होतं, पण मागच्या रविवारची किंमत धरली तर स्वस्तच.

या वेळी पट्टी एकदाच टेकवली आणि हलवली नाही. बाविसाच्या बावीस अंतरं नटपासूनच मोजली: ३६.३५, ७०.६६ असं करत पाचवा १६२.४७ आणि बारावा ३२३.८५. रेघ पेन्सिलीने नाही, कटरच्या टोकाने. करवतीला बाजूने गुण्या क्लॅम्प केला. चार तास लागले. प्रत्येक खाचेत फ्रेट ठोकताना आवाज बदलतो. पोकळ 'टक टक' चा भरीव 'ठक' झाला की बसला. दहावा मात्र ठक झाला नाही, असं तेव्हाच वाटलं होतं. वाटलं होतं आणि मी पुढे गेलो.

३१ मार्च

मानेची मागची गोलाई. जाड कानस, मग पटाशीची धार उभी धरून खरवडणं, मग पॉलिश पेपर. दोन रविवार याच्यावर गेले आणि सगळ्या कामात हाच भाग सुखाचा. ट्रस रॉडच्या खाली किती लाकूड उरलं हे सतत मोजत राहिलो. पाच मिमीच्या खाली जायचं नाही एवढंच ध्यानात ठेवलं.

१४ एप्रिल

मान बॉडीवर आवळली. तीन स्क्रू गोडीने गेले. चौथा शेवटच्या फेऱ्याला 'टच्' म्हणाला. मान काढून पाहिली तर विसाव्या फ्रेटजवळ फ्रेटबोर्डवर बारीक उंचवटा. स्क्रूचं टोक खालून बोर्डात शिरलं होतं.

हिशेब रात्री केला, जो सकाळी करायला हवा होता. बाजारातले मानेचे स्क्रू ४५ मिमीचे, कारण ते ४४-४५ मिमी जाड बॉडीसाठी असतात. मी वजन कमी करायला ४० केली. वर मानेचा कप्पा १६ ऐवजी १७ खोल झाला होता. खाली उरलं २३, स्क्रूच्या डोक्याखालचा पत्रा दीड, म्हणजे स्क्रू मानेत साडेवीस मिमी जाणार. आणि फ्रेटबोर्डखाली मानेचं लाकूड एकोणीस-साडेएकोणीस. बाकी तिघांची टोकंही बोर्डला लागलीच असणार, फक्त ती ओरडली नाहीत.

चारही स्क्रू ग्राइंडरवर ५ मिमीने आखूड केले. उंचवट्यात पातळ सुपरग्लू सोडून क्लॅम्पखाली दाबला. कप्प्यात १ मिमीची शिसवीची चकती घातली. फेब्रुवारीतली नोंद वाचून ज्यांनी बॉडी पातळ करायला घेतली असेल त्यांनी आधी स्क्रू मोजावेत.

७ मे, मंगळवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि पिकअप गुंडाळायला बसलो.

सांगाडा: फायबर शीटच्या दोन पट्ट्या, मध्ये सहा लोखंडी स्क्रू, खाली दोन फेराइट चुंबक. सगळं मिळून २४०. गुंडाळायला हँड ड्रिल टेबलाला बांधलं. फेरे मोजायला जुना कॅल्क्युलेटर: '=' च्या कळीतून दोन तारा काढून रीड स्विचला (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) जोडल्या, ड्रिलच्या चकवर एक छोटा चुंबक. सुरुवातीला एकदा '१ + =' दाबलं की प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. ड्रिल जोरात फिरवलं तर कॅल्क्युलेटर दमतो आणि फेरे गाळतो. मिनिटाला तीनशेच्या आत ठेवलं की बरोबर मोजतो.

सगळीकडे लिहिलेलं असतं: ४२ नंबरची तार, साधारण ७,८०० फेरे. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून ४२ नंबरची तार घेतली, ३८० रुपये. तीन हजार फेऱ्यांतच सांगाडा काठोकाठ भरला. मल्टीमीटर लावला: ८५० ओहम. सहा हजारांच्या आसपास हवे होते. आधी कॅल्क्युलेटरवर संशय घेतला. मग मल्टीमीटरच्या सेलवर. मग स्वतःच्या गणितावर. तारेवर शेवटी.

८ मे

संध्याकाळी दुकानात गेलो. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "काय गुंडाळायलाय?" गिटारचं ऐकून ते हसले नाहीत, मायक्रोमीटर काढला. माझी तार ०.१ मिमी भरली. आपल्याकडे रिवाइंडिंगवाले ब्रिटिश नंबर बोलतात, एसडब्ल्यूजी. गिटारवाले अमेरिकन, एडब्ल्यूजी. अमेरिकन ४२ म्हणजे ०.०६३ मिमी. ब्रिटिश ४२ म्हणजे ०.१०. मला हवी होती ती इथे ४६ नंबर म्हणून मिळते, ०.०६१ मिमी. "नंबर नका सांगू, मिमी सांगा," काका म्हणाले. ५२० रुपये.

१२ मे

४६ नंबर केसापेक्षाही बारीक. बोटांत जरा जास्त ओढ लागली की तुटते आणि तुटल्याचं कळतही नाही. पंखा बंद ठेवून, मे महिन्यात. दोनदा तुटली: १,१०० ला आणि ५,४०० ला. पहिल्या वेळी सोडून परत सुरू केलं. दुसऱ्या वेळी सोडवत नव्हतं, म्हणून टोकं सँडपेपरने खरवडून डाग दिला, वर टेपचा कपटा, आणि पुढे गेलो. ७,८०० फेरे, ६.३ किलोओहम. आकडा बघून एकट्यानेच टाळी वाजवली.

१९ मे

पिकअप मेणात बुडवला. न बुडवता वाजवला तर सुटे फेरे थरथरतात आणि अ‍ॅम्प शिट्टी घालतो. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात साधं मेण आणि थोडं मधमाशीचं. ६० ते ६५ अंश. मेणाचा डबा थेट गॅसवर ठेवायचा नाही, ते पेट घेतं. बुडबुडे थांबेपर्यंत वीस मिनिटं. पातेलं कुणाचं होतं यावर घरी चर्चा झाली.

२६ मे ते १ जून

पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या फिरत्या कळा), कपॅसिटर, जॅक जोडले. गिटार पहिल्यांदा वाजली आणि तिच्यापेक्षा मोठ्याने अ‍ॅम्पची घूं वाजली.

पहिली संध्याकाळ: ब्रिजखालची (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) अर्थची तार विसरलो होतो. घातली. घूं थोडी कमी. दुसरी संध्याकाळ: आतले कप्पे तांब्याच्या टेपने मढवले (२८०). घूं तेवढीच. तिसरी संध्याकाळ: सगळे डाग सोडवून परत दिले. एक पॉट जास्त तापून गेला. घूं तशीच.

शनिवारी वैतागून गिटार आणि अ‍ॅम्प मित्राच्या घरी विश्रामबागला नेले. शांत. म्हणजे दोष गिटारमध्ये नव्हता. आमच्या माडीवरच्या प्लगला तिसरं भोक आहे, पण त्याच्या मागे तारच नाही. वायरमनने नवी अर्थिंग ओढून दिली. त्याचे पैसे गिटारच्या खर्चात धरायचे नाहीत, असा अण्णांचा निकाल. वाट्टेल तिथे डाग सोडवण्याआधी गिटार दुसऱ्या घरात लावून पाहा.

९ जून

सहाव्या तारेवर नववा फ्रेट दाबला की 'झ्यँ'. पाचव्या तारेवरही. बाकी ठिकाणी स्वच्छ. तारा सैल केल्या, आवळल्या, ब्रिज उचलला, तर तारा इतक्या उंच की बोटं दुखायला लागली.

मिरज इथून दहा किलोमीटर. सतारमेकर गल्लीत एका चाचांकडे मी लहानपणी मामाबरोबर तंबोरा आणायला गेलो होतो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी इथे सतारी करायला घेतल्या, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. गल्लीत अजून तसेच भोपळे टांगलेले असतात आणि तुणीच्या लाकडाचा वास. गिटार घेऊन गेलो. चाचांनी ती मांडीवर सतारीसारखी घेतली, एकेका पडद्यावर तार छेडली, नवव्यावर थांबले.

"जवारी निघालीय की," म्हणाले. जवारी म्हणजे सतार-तंबोऱ्याच्या तारेची ती झणझण.

"ती नकोय चाचा."

"आम्ही हीच काढायचे पैसे घेतो, आणि तुम्ही ही घालवायला आलाय." मुलाला हाक मारून दाखवलं, दोघे हसले. मग घोडीवर (सतारीच्या तारा टेकतात ती पट्टी) जवारी कशी घासतात ते दाखवलं. घोडीचा माथा इतका अलगद उतरता करायचा की तार टोकाला टेकून न टेकल्यासारखी थरथरत राहते. माझ्या गिटारवर नेमकं तेच होत होतं, फक्त घोडीऐवजी दहाव्या फ्रेटवर. त्यांनी नखाने नववा, दहावा, अकरावा असे तिन्ही ठोकले. "हा मधला बसला नाही. ऐका." ठक, टक, ठक. १७ मार्चचा तोच आवाज.

घरी येऊन दहाव्याखाली पातळ सुपरग्लू सोडला, लाकडी ठोकळ्याने दाबून क्लॅम्प लावला. दुसऱ्या दिवशी सगळ्या फ्रेटच्या डोक्यांवर मार्करची शाई लावून, संगमरवराच्या सरळ पट्टीला चिकटवलेला पॉलिश पेपर फिरवला. शाई सगळीकडे सारखी निघेपर्यंत. मग डोकी परत गोल केली. झ्यँ गेली. चाचांनी पैसे घेतले नाहीत. चहा मात्र त्यांनीच पाजला.

१६ जून

पावसाळ्यात लॅकर मारू नये. लिहून ठेवतो, कारण मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. सगळं सोडवून बॉडीवर पहिला हात मारला, बाहेर सर आली आणि अर्ध्या तासात सागवानावर दुधासारखा पांढरा थर. हवेतला दमटपणा लॅकरमध्ये अडकतो. सगळा घासून काढला. एक दिवस आणि निम्मा डबा.

लॅकर सोडून उकळलेलं जवस तेल घेतलं. फडक्याने पातळ लावायचं, पंधरा मिनिटांनी पुसून काढायचं, दोन दिवस थांबायचं. असे चार हात. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. मी पाण्याच्या बादलीत टाकतो, मग दोरीवर पसरून वाळवतो.

३० जून

तारा चढवल्या, दुसरा संच. पहिला सगळ्या चाचण्यांतच गंजला. वजन ४ किलो १००. खर्चाची वही मिळवली: १२,१६०. त्यातले जळकी बिट, चुकीची तार, दुसरी फळी आणि गंजलेल्या तारा मिळून १,८०० निव्वळ चुकांचे. एवढ्या पैशांत दुकानातली बरी गिटार आली असती, तीही हलकी.

आवाज तारेसारखा टणक, खालच्या सुरांना सागवानाची जरा जड गुरगुर. अण्णांनी पंधरा मिनिटं ऐकली. मग पाठीमागून बॉडीवर हात फिरवत खिळ्याच्या जुन्या काळ्या भोकाशी थांबले. ते भोक मी बुजवलं नव्हतं. "इथं कंदील लटकायचा," म्हणाले.

२१ जुलै

तीन आठवडे सलग पाऊस. मान पुढे झुकली, सातव्या फ्रेटवर तार अर्धा मिमी वर गेली. ट्रस रॉडला पाव फेरा दिला. उद्या परत मोजायचं.